कॅम्पिंग ट्रेलरमधली पावसाची गळती शोधताना: माझा अनुभव

आधीच सांगतो, तुमच्या ट्रेलरमध्ये पावसाचं पाणी येत असेल आणि कुणी सिलिकॉनची नळी घेऊन पुढे आलं तर त्याला तिथेच थांबवा. पाणी आत कुठून शिरतंय हे कळेपर्यंत काहीही फासू द्यायचं नाही. मला ह्याचा इतका मनस्ताप झालाय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

झालं असं की पुढच्या बेडच्या कोपऱ्यात गादीखालचं प्लायवूड ओलं लागायला लागलं आणि कपाट उघडलं की कुबट वास. टाकी रिकामी केली, पंप बंद ठेवला, तरी पाऊस पडला की ओल हजर, म्हणजे पाण्याच्या लाइनचा प्रश्न नाही. श्वासाची वाफ थंड काचेवर जमते तेही नाही, कारण आत कुणी झोपलेलं नसताना, ट्रेलर नुसता उभा असतानाही कोपरा ओला व्हायचा.

मग वर्कशॉपला दिला आणि इथे सगळं अडकलं. ट्रेलर तिथे नुसता उभा. फोन केला की "उद्या घेतो", मग "पाऊस थांबू दे, मग बघतो". अहो, पाऊस असतानाच गळतंय ना, मग पाऊस थांबल्यावर काय बघणार? शेवटी ताब्यात मिळाला तेव्हा पुढच्या खिडकीभोवती जाडच्या जाड सिलिकॉन फासलेलं, का तर डाग खिडकीच्या खाली आहे म्हणून. पुढच्याच पावसात परत ओल. परत नेला, तर परत थांबा, आणि त्याच खिडकीवर सिलिकॉनचा अजून एक थर. छतावर कुणी चढलं नाही, पाइप लावून पाणी मारून बघितलं नाही, मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायचं यंत्र) तर बाहेरसुद्धा काढला नाही. बिल मात्र दोन्ही वेळा.

वर आणखी एक घोळ. खिडकीच्या फ्रेमला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, खाचेत साचलेलं पाणी बाहेर पडायला. ती भोकंसुद्धा ह्यांनी बुजवून टाकली! त्यामुळे खाच भरायची आणि जी खिडकी आधी गळतच नव्हती तिच्यातून पाणी आत यायला लागलं. मला अजून राग येतो आठवलं की. आणि सिलिकॉन काढणं म्हणजे वेगळीच शिक्षा, त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर दुसरं सीलंट धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. प्लास्टिकच्या स्क्रेपरने हळूहळू काढायचं, ब्लेड लावलं की पॅनलवर ओरखडे.

शेवटी ट्रेलर घरी आणला आणि दोन पिनांचा मॉइश्चर मीटर घेतला. भिंतीवर मास्किंग टेपचे तुकडे लावले आणि प्रत्येक जागेचं रीडिंग पेन्सिलने तिथेच लिहिलं. कोरडं लाकूड साधारण 15 टक्क्यांच्या खाली दाखवतं, 20 च्या वर गेलं की संशय घ्यायचा. तर खिडकीखाली आकडा जास्त होताच, पण बाजूच्या भिंतीवर तो वर वर, मागे मागे चढत गेला, थेट छताच्या कडेपर्यंत. ट्रेलर पुढच्या बाजूला जरा उतरता उभा असायचा, त्यामुळे मागे कुठेतरी शिरलेलं पाणी आतल्या लाकडी चौकटीवरून वाहत पुढच्या कोपऱ्यात उतरत होतं. डाग एकीकडे, भोक भलतीकडेच!

मग होस पाइप. एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. सुरुवात खालून करायची आणि वर वर जायचं, वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. एकेका जागेवर 10 ते 15 मिनिटं साधी धार, प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत ढकलतो. कोपऱ्याची पट्टी कोरडी, वरचा मार्कर लाइट (बाहेरून लावलेला छोटा दिवा) कोरडा, मग ऑनिंगच्या रेलवर (बाहेरचं कापडी छप्पर अडकवायची, छताच्या कडेची पट्टी) धार धरली आणि थोड्या वेळाने आतून ओरडा आला, "आलं, आलं!" कपाटाच्या वर चिकटवलेला टिश्यू पेपर भिजला होता. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

रेलमधली प्लास्टिकची पट्टी ओढून काढली तर खालचे स्क्रू गंजलेले आणि मागची ब्युटाईल टेप (सांध्यात पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) वाळून तडकलेली. स्क्रूच्या भोकातूनच पाणी जात होतं. रेल काढली, साफ केली, नवीन ब्युटाईल टेप, स्टेनलेसचे स्क्रू, लाकूड सैल झालं होतं तिथे थोडे जाड, बाहेर आलेली टेप कापून वरच्या कडेला सीलंट. पण आतली ओल पूर्ण जाईपर्यंत भिंत बंद करू नका, पंखा लावून मीटरचा आकडा खाली येऊ द्या, नाहीतर बाहेरून सगळं सील आणि आत लाकूड कुजतंय असं होतं.

हो, सांगायचं राहिलं, छत ईपीडीएम रबराचं असेल तर साफ करायला पेट्रोल किंवा तसलं काही लावू नका, रबर फुगतं. आणि गळती छताच्या मधोमध दिसली तर आधी छतावरच्या एसीचं गॅस्केट (त्याच्या खालची, पाणी अडवणारी मऊ पट्टी) बघा, आतून बोल्ट सैल झाले की तिथून येतं, पण फार आवळूही नका, गॅस्केट चेपून जातं. एखाद्या वर्कशॉपकडे ट्रेलरमध्ये ब्लोअरने हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी मारायची सोय असेल तर पैसे तिथे द्या, जिथून बुडबुडे येतात तिथे फट, वाद नाही.

त्यानंतर चांगला जोराचा पाऊस होऊन गेला, कोपऱ्यात मीटर 12 दाखवतोय. दुसऱ्या बाजूच्या रेलचे स्क्रूही गंजलेले दिसतायत, ती बाजू आता मीच उघडणार.