केन्सल ग्रीनमधली एक दुपार

आज लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश इंजिनिअरच्या कुटुंबाची कबर शोधत चिखलात तासभर फिरले. सापडली तेव्हा हसूच आलं. एवढ्या माणसाची कबर, आणि किती साधी! दगडावर वडील मार्क, आई सोफिया, इझम्बार्ड, बायको मेरी. अख्खं घर एका जागी.

त्याच्या नावातलं 'किंग्डम' हे आईचं माहेरचं आडनाव, बरं का. मला उगाच राजेशाही थाट वाटायचा! वडील फ्रेंच, तेही इंजिनिअर. कर्जापायी 1821 मध्ये तुरुंगात गेले. पुढे बापलेकांनी थेम्स नदीखालून बोगदा काढला. 1825 ला सुरू झालेला तो 1843 ला खुला झाला.

त्याच 1843 मध्ये चिरंजीवांनी मुलांना जादू दाखवताना सोन्याचं नाणं गिळलं! ते श्वासनलिकेत अडकलं. शेवटी फळीला बांधून उलटं करून हलवलं, तेव्हा कुठे पडलं. रेल्वे, पूल, जहाजं, क्रिमियन युद्धासाठी सुट्या भागांचं लाकडी इस्पितळ, एवढं सगळं करणारा माणूस हा.

1859 मध्ये तो गेला, अवघा 53 वर्षांचा. त्याचं अवाढव्य 'ग्रेट ईस्टर्न' प्रवासी जहाज म्हणून सपशेल आपटलं, पण 1870 मध्ये त्यानंच मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली.

धाकटा मुलगा हेन्रीही इंजिनिअरच. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "बूट धुतलेस का आधी?"