घोटून येतं का?

काल रात्री 'द डिसायपल' हा चित्रपट पुन्हा लावला होता, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरदचा. ताई अर्ध्यात उठली आणि जाता जाता म्हणाली, "गाताना हा अगदी तुझ्यासारखा दिसतो रे." तिला वाटलं, कौतुकच केलं.

झोप उडाली ती उडालीच.

शरद नेरुळकर बेसूर असता तर मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण तो बेसूर नाही. सूर लागतो, ताना येतात, मेहनत तर डोळ्यांत दिसते. फक्त गाणं होत नाही. त्याचं काम करणारा आदित्य मोडक स्वतः तयारीचा गवई आहे. येत असलेलं गाणं त्याने नेमकं तेवढंच कमी कसं गायलं असेल, या विचाराने मला धडकीच भरते. आणि दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा तिथून हलत नाही. शरदला लपायला जागाच देत नाही.

रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून तो मोटरसायकल हाकतो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची व्याख्यानं. एकटं राहा, उपाशी राहा, मग सूर भेटेल. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि त्याच महिनाअखेरीला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्या आवाजावर विश्वास न ठेवणं मला तरी जमत नाही. शरदलाही नाही जमलं. मग चुकलं कुठे? ध्यास खरा, गुरू खरे, सेवा खरी. एवढं सगळं खरं असूनही सूर भेटला नाही, तर दाद मागायची कुणाकडे?



माझंही तसंच असेल तर? इतकी वर्षं पहाटे उठून खर्ज लावला, लग्नकार्यं टाळली, आणि हातात आली ती फक्त सवय? घोटून येतं, असं सगळे म्हणतात. काय येतं, ते कुणी सांगत नाही. ध्यास आहे म्हणजे देणगीही असणारच, असं मी मनाशी धरून चाललो होतो. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर?

पहाटे तानपुरा काढला. मधल्या जोडीच्या तारा जुळल्या, पण खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार मुकी वाटत होती. घोडीवर तारेखाली असतो तो दोरा नखाने केसभर पुढे सरकवला, मागे घेतला, परत पुढे. एका जागी तारेचा आवाज खुलला आणि कुठल्याच तारेवर न लावलेला गंधार त्यातून आपसूक ऐकू यायला लागला. मी गात नव्हतो, नुसता ऐकत होतो, आणि फार बरं वाटलं. शरदला हे वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. नक्की वाटलं असेल. तरीही तो भर मैफिलीतून उठून गेलाच.

मी उठेन की नाही, ते आज कसं कळणार? देणगी असेल नसेल, तानपुरा जुळवून बसणं मला आवडतं. हे कुणी शिकवलेलं नाही, माझं आहे. गुरुवारी माझ्या गाण्याच्या बाईंकडे बागेश्री राग आहे. त्यातल्या मध्यमावर, 'म' या सुरावर, मी टिकत नाही, असं त्या दर वेळी म्हणतात. तेवढाच मध्यम घेऊन बसतो आता.