आमची वाटचाल : आधी प्रत, मग दुरुस्ती

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीच्या बाजारपेठेत एका जिन्याशेजारच्या गाळ्यात आम्ही संगणक जोडणी व दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. तेव्हा ग्राहक म्हणजे डीटीपी करणारे, करसल्लागार, मार्केट यार्डातील हळदीचे अडते आणि नुकतीच संगणकाकडे वळलेली पतसंस्था. हार्डडिस्क बिघडली की वॉरंटीत बदलून आणायची, विंडोज पुन्हा टाकून द्यायचे आणि पावती करायची, एवढेच त्या कामाचे स्वरूप होते. त्यात फारशी कोणाची हानीही होत नसे, कारण रोजकीर्द आणि खतावणी अजून कागदावर लिहिली जात होती आणि संगणकातील हिशेब ही तिची दुसरी नोंद होती. पुढच्या दहाएक वर्षांत कागदी वह्या बंद झाल्या, छायाचित्रकारांचे निगेटिव्ह गेले, आणि डिस्कवरील प्रत हीच एकमेव प्रत उरली. आमचा व्यवसाय खऱ्या अर्थाने बदलला तो या काळात. डिस्क दुरुस्त करण्याऐवजी डिस्कवरील माहिती वाचवणे हे आमचे मुख्य काम झाले.

‘हार्डडिस्क उडाली’ असे ग्राहक सांगतो, तेव्हा त्या दोन शब्दांमागे निरनिराळे आजार असतात आणि त्यांतील एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. धुराचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा मोठा असतो. पृष्ठभागाचे काही सेक्टर (माहिती साठवण्याचे छोटे कप्पे) कमजोर झाले असतील तर डिस्क हळूहळू, अडखळत का होईना, वाचता येते. हेडच निकामी झाले असेल तर प्रत्येक वेळी वीज देताना तबकडीवर ओरखडा पडण्याचा धोका असतो. आणि कित्येकदा डिस्क पूर्ण ठणठणीत असून दोष केबलचा किंवा पॉवर सप्लायचा निघतो. म्हणून डिस्क टेबलावर आली की संगणकाला जोडण्याआधी आम्ही प्रश्न विचारतो: आवाज येतो का, कसा येतो, पडली होती का, वीज गेल्यावर बंद पडली का, आणि आमच्याकडे आणण्यापूर्वी कोणी तिच्यावर काय चालवून पाहिले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला लोक सर्वांत जास्त संकोचतात.

टकटक आवाज (ही निकामी हेडची खूण) नसेल तर पुढची पायरी म्हणजे स्मार्ट नोंदी वाचणे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. त्यातील ५ क्रमांकाची नोंद खराब निघाल्यामुळे बदली केलेल्या सेक्टरांची, १९७ ही वाचता न आल्यामुळे निर्णय लांबणीवर पडलेल्या सेक्टरांची, आणि १९८ ही तपासणीत वाचताच न आलेल्या सेक्टरांची असते. नुसत्या आकड्यापेक्षा तो वाढतो आहे का, हे आम्ही पाहतो. वर्षानुवर्षे स्थिर राहिलेली ५ क्रमांकाची लहानशी संख्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढत जाणारी १९७ ची संख्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरी एखादे मोफत सॉफ्टवेअर चालवून घाबरलेले ग्राहकही फोन करतात. काही कंपन्यांच्या निरोगी डिस्कवरसुद्धा १ क्रमांकाची नोंद प्रचंड मोठी दिसते आणि काही सॉफ्टवेअर आकडे नेहमीच्या दशमानाऐवजी षोडशमान (सोळा चिन्हांच्या) पद्धतीत दाखवतात, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे लागते.

मात्र सर्व नोंदी चांगल्या दिसल्या म्हणजे डिस्क सुरक्षित, असेही आम्ही कोणाला सांगत नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीतील पहिली चूक नोंदली गेल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यात दिसले; पण निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही उमटला नव्हता, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा, न मिळाला तर बॅकअप चुकवू नये, एवढाच त्याचा अर्थ आम्ही व्यवहारात घेतला आहे.

एका पतसंस्थेचे काम मला नेहमी आठवते. मार्चअखेर होती. लेखापालांनी फोनवर सांगितले की संगणक सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि निळ्या पडद्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, आपोआप चालू झाली आहे. मी त्यांना ताबडतोब वीज बंद करून सीपीयू घेऊन यायला सांगितले. चेकडिस्क फाइल सिस्टिमची मांडणी सुसंगत करते. तुमची फाइल वाचवणे हे तिचे काम नाही, आणि मोडकळीस आलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास वाचत आणि लिहीत राहिली तर उरलेलेही जाते. डिस्क काढून आम्ही आमच्या लिनक्स यंत्राला जोडली, ती कोणत्याही प्रकारे माउंट न करता, म्हणजे तिच्यावरील फाइली वापरासाठी न उघडता. १९७ क्रमांकाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्रॅम अडलेल्या जागेवर डोके आपटत बसत नाही. जे सहज मिळते ते आधी उचलतो, खराब पट्टा ओलांडून पुढे जातो, काय वाचले आणि काय राहिले याचा नकाशा एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितो आणि नंतर त्या उरलेल्या जागांकडे परत येतो. मध्येच काम थांबले तरी त्या नकाशावरून पुढे सुरू करता येते. रात्रभर ते चालले. सकाळी नव्या डिस्कवरील प्रतीतून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे फोल्डर उघडले आणि लेखापालांनी शेवटच्या दिवसाची रोकड शिल्लक स्वतः ताडून पाहिली. वाचता न आलेले सेक्टर विंडोजच्या फाइलींमध्ये होते.

त्यानंतर आमचा नियम लेखी झाला: मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही, आधी संपूर्ण प्रत, आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर. या नियमामुळे काही ग्राहक रागावतात. ‘फक्त फॉरमॅट मारून द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांना आम्ही नकार देतो, कारण बॅड सेक्टर झाकून डिस्क परत कामाला लावणे म्हणजे पुढच्या नुकसानीची तारीख ठरवून देणे आहे असे माझे ठाम मत आहे.

केबलच्या दोषाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण त्यात ग्राहकाचे पैसे वाचतात. एका फोटो स्टुडिओची डिस्क दुसरीकडे ‘गेली’ म्हणून ठरवली गेली होती. तिच्यावर ५ आणि १९७ दोन्ही शून्य होत्या, १९९ मात्र भरपूर. ही नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाहतुकीत झालेल्या चुकांची असते. या दोघांना जोडणारी साटा केबल बदलली आणि आकडा वाढायचा थांबला. तो खाली येत नाही, कारण ही नोंद मागे जात नसते.

टकटक करणारी डिस्क आम्ही उघडत नाही. हेड बदलायला धूळमुक्त हवेचे टेबल लागते, त्याच मॉडेलची जुळणारी दुसरी डिस्क लागते आणि ते हात रोज त्याच कामावर असावे लागतात. अशी डिस्क आम्ही मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि खर्चाचा अंदाज आधीच सांगतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही लोक करतात. त्याने आत दव साचते. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून पाहण्याचा उपायही आता बहुधा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळणी बोर्डवरील चिपमध्ये साठवलेली असते आणि तीही सोबत हलवावी लागते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेतील दुकानांत, दवाखान्यांत, कार्यालयांत पाणी कित्येक दिवस होते. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले सीपीयू घेऊन आले आणि त्यांतील बरेचसे उन्हात वाळवून सुरू करून पाहिलेले होते. साध्या हार्डडिस्कच्या झाकणावर हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि पुराचे पाणी तेथून आत शिरते. गाळ तबकडीवर सुकला की चिकटतो, आणि वीज दिली की हेड त्यावरून घासत जाते. ज्यांनी डिस्क ओलीच, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणली, त्यांची माहिती परत मिळण्याची आशा अधिक होती. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढले तेव्हा आमच्या नियमित ग्राहकांनी फोन येण्याआधीच यंत्रे वरच्या मजल्यावर नेली होती, आणि बहुतेकांची एक प्रत पूररेषेबाहेरच्या नातेवाइकाच्या घरी होती.

आता बहुतेक नवे संगणक एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या डिस्कवर, येतात. ती वेगवान आहे, पडल्याने सहसा बिघडत नाही, पण बंद पडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचनेशिवाय, आणि पुसलेली फाइल ट्रिममुळे (पुसलेल्या जागा मोकळ्या करण्याची सूचना डिस्कला देणाऱ्या सोयीमुळे) बहुधा परत मिळत नाही. म्हणून वार्षिक करारात आम्ही दुरुस्तीपेक्षा बॅकअपच्या तपासणीला अधिक वेळ ठेवला आहे: दर तिमाहीला ग्राहकाच्या समोर एक जुनी फाइल बॅकअपमधून प्रत्यक्ष उघडून दाखवायची आणि त्याची सही घ्यायची. वाचवलेल्या कामातील मूळ डिस्क आम्ही लेबल लावून ग्राहकालाच परत देतो आणि प्रतीची पूर्ण खात्री होईपर्यंत ती नष्ट करू नये, असे पावतीवर छापले आहे.