भाजणी कोणत्या दळणावर?

इंदूर, कोजागरीनंतरचा शनिवार

चकलीची भाजणी आता मोबाइलवर दहा प्रकारची मिळते. पाकिटावर घटक छापलेले असतात, पण ती कोणत्या दळणावर दळली हे नसते. घरची भाजणी गल्लीतल्या चक्कीवर दळली तर ते चक्कीवाल्या काकांना ठाऊक असते, आणि चकली बिघडते ती बरेचदा दळणातच. गव्हावर दळली तर जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ भाजणीत उतरते आणि चकली चिवट होते. तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळलेली चालते. म्हणून डबा ठेवण्याआधी एवढेच विचारायचे, "काका, तांदूळ कधी लावणार?"

1 किलो जुना तांदूळ, 500 ग्रॅम हरभरा डाळ, 250 ग्रॅम उडीद डाळ, 125 ग्रॅम मूग डाळ, 50 ग्रॅम धणे, 25 ग्रॅम जिरे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मध्यम आचेवर भाजायचा. जास्त भाजला तर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. एवढ्या सामानासाठी सियागंजचा घाऊक बाजार गाठण्यात अर्थ नाही, रिक्षाभाड्यातच बचत जाते. कोपऱ्यावरच्या किराण्यात पोत्यात हात घालून डाळ पाहता येते, किडकी निघाली तर संध्याकाळी परत करता येते.

कोमट भाजणी दळायला देऊ नये. वाफेने पीठ दगडाला चिकटते आणि दळण जाड येते. जात्याला नुकतीच टाकी लावली (दगडाला छिन्नीने खाचा पाडल्या) असेल तर दोन दिवस थांबावे, नाहीतर दाताखाली कचकच येते. अर्धा-एक किलोच नेले तर आधीच्या दळणाची भेसळ प्रमाणात जास्त होते. रामबागेसारख्या वस्तीत तीन घरांनी एकाच वेळी डबे नेले, तर एकामागून एक भाजणीच दळली जाते आणि मागच्या दोन डब्यांत परके पीठ जवळजवळ येतच नाही. पहिला डबा कुणाचा, हे मात्र आधी ठरवून घ्यावे.

मनाला लागते ते वेगळेच. चक्की दिवाळीच्या आठ दिवसांवर चालत नाही. मोटरच्या वीजजोडणीचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो, दळण येवो न येवो. तो निघतो रोजच्या गव्हावर. वर्षभर पाकिटातली कणीक आणायची आणि आश्विनात भाजणीचा डबा घेऊन उभे राहायचे, हा त्या माणसावर अन्याय आहे. महिन्याला 10 किलो गहू एका घरातून गेला तरी त्याला आधार होतो. आणि चोकरासकट, म्हणजे कोंड्यासकट, ताजी कणीक पंधरा-वीस दिवसांत संपवायची असते, त्यामुळे 5-5 किलो दोनदा नेणेच बरे.

दळून आणलेली भाजणी गरम असताना डब्याचे झाकण लावू नये. आतून घाम सुटतो, गुठळ्या होतात. सुती कापडावर पसरून पूर्ण गार करावी, मगच भरावी.