वाढलेली बांगडी

मंगळवारी फळ्यावर लिहिता लिहिता हात कडेला आपटला आणि हिरव्या बांगडीचे तीन तुकडे खाली पडले. तोंडातून आपसूक निघालं, "वाढली गं बाई!" पहिल्या बाकावरच्या मुलीनं अर्थ विचारला. तुटली म्हणायचं नसतं म्हणून आम्ही वाढली म्हणतो, हे इंग्रजीत सांगताना माझी पंचाईत झाली. वर्ग खो खो हसला.

हा वर्ग अमेरिकेतल्या एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या संघानं चालवलेल्या, विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधला. दारावर क्रूस, आत प्रोजेक्टर. दिवसभर वकिली फर्ममध्ये नोकरी आणि आठवड्यातून एका संध्याकाळी इथे दोन तास मास्तरकी. याला इथे ॲडजंक्ट म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'तासिका तत्त्वावर'. मानधनही त्याच तत्त्वावर.

विषय ई-डिस्कव्हरी. आईला फोनवर समजावलं होतं, "अगं, इथे सुनावणीआधीच दोन्ही पक्षांनी मागितलेली कागदपत्रं एकमेकांना द्यायची असतात. आता कागद कुठले, सगळं ईमेल नि चॅट. २००६ साली फेडरल नियमांतच तसं घातलं. त्या लाखो ईमेलमधून कामाच्या शोधायच्या."

"म्हणजे तांदूळ निवडायचे," आई म्हणाली.

तेच. फक्त इथे खडे टाकून द्यायचे नसतात, खडेच हवे असतात.

सरावाला मी एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या ईमेल देते. कंपनी बुडाल्यावर २००३ मध्ये सरकारी चौकशीतून त्या खुल्या झाल्या. दीडेकशे माणसांच्या सुमारे पाच लाख. एन्रॉन म्हटलं की माझ्यासमोर त्यांचा गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प आणि घरातली कडाक्याची भांडणं उभी राहतात. ही मुलं तेव्हा पाळण्यात. 'दाभोळ' टाकलं की त्या ढिगात आपलं कोकणही सापडतं, हे मी दर सत्रात दाखवते. मुलं बिचारी माना डोलावतात.

पहिल्या तासाला बहुतेक जण शोधखिडकीत 'फ्रॉड' टाइप करतात. हाती येतात वर्तमानपत्रांची कात्रणं. घोटाळा करणारा विषयाच्या ओळीत 'घोटाळा' लिहीत नाही, एवढं कळायला त्यांना अर्धा तास लागतो.

मग मी १९८५ चा ब्लेअर आणि मॅरन यांचा अभ्यास काढते. एका मोठ्या खटल्यातली चाळीस हजार कागदपत्रं संगणकावर होती. वकील अनुभवी. आपल्याला हवं त्यातलं किमान ७५ टक्के मिळालं, अशी त्यांची खात्री. प्रत्यक्षात मिळालं होतं वीस टक्क्यांच्या आसपास. खटला अपघाताचा, पण ज्यांच्या अंगाशी तो येत होता त्यांनी 'अपघात' हा शब्दच टाळलेला. कुठे 'घटना', कुठे 'परिस्थिती', कुठे नुसती 'अडचण'.

मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे दुकान बंद होत नाही, वाढवतात. माणूस मरण्याविषयी बोलायचं तर 'काही कमी-जास्त झालं तर'. घरात झालेल्या भांडणाला वीस वर्षांनंतरही 'ते प्रकरण'. मराठी घरात वाढलेल्या माणसाला कीवर्ड कसे चुकवायचे हे शिकवावं लागत नाही. शोधायला मात्र शिकवावं लागतं. म्हणून मी मुलांना सांगते, 'फोन कर', 'समोरासमोर बोलू', 'हे लिहू नकोस' हे शोधा. जिथे बोलणं थांबलं, तिथे खणा.

माझ्यासारख्या तासिकावाल्यांना स्वतंत्र खोली नसते. मी एका निवृत्त फादरांच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर बसते. बांगडीची गोष्ट त्यांना फार आवडली. म्हणाले, कन्फेशनला येणारी माणसंही आधी किरकोळ पापं सांगतात. प्रार्थना चुकली, भावावर ओरडलो. खरं पाप उठता उठता येतं, "आणि हो, आणखी एक" म्हणून. नाव-गाव अर्थातच नाही. त्यांच्या कानावर आलेलं कुठेच जात नाही आणि मी शिकवते ते डिलीट केलेलंही कसं परत काढायचं. एकाच टेबलावर बसतो आम्ही!

तुकडे टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि निघाले. दारावरच्या रखवालदाराला आता नीट 'गुड नाइट' म्हणते. पहिल्या सत्रात एकदा दमून सवयीनं 'येते' इंग्रजीत म्हणून बसले होते. पुढच्या मंगळवारी तो म्हणाला, "मॅडम, अर्धा तास दार उघडं ठेवलं होतं."