पोम्पेईच्या रस्त्यावर भोकरदनचा माग

इटलीतल्या नेपल्सला जायचे ठरले तेव्हाच आईने सांगून ठेवले होते की पोम्पेई घाईघाईत उरकायचे नाही, त्यासाठी सबंध एक दिवस राखून ठेवायचा. तिचे माहेर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. ज्वालामुखीने गाडलेल्या पोम्पेई या रोमन शहराच्या राखेखालून निघालेल्या एका हस्तिदंती मूर्तीचा संबंध भोकरदनशी जोडला जातो, हे तिने शाळेत असताना गुरुजींच्या तोंडून ऐकले होते आणि ते तिच्या मनात तेव्हापासून घर करून होते. म्हणून आमचा क्रमही तसाच ठरला. पहिल्या दिवशी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन मूर्ती बघायची आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीने पोम्पेईला जाऊन ती जिथे सापडली ते घर शोधायचे.

संग्रहालयात ही मूर्ती ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ठेवलेली आहे. पोम्पेईतल्या शृंगारिक चित्रांसाठी आणि शिल्पांसाठी हा वेगळा विभाग केलेला असून विवस्त्र असल्यामुळे आपली ही बाईही तिथे जाऊन बसली आहे. उंची जेमतेम २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीतभर. दोन्ही बाजूंना तिच्या कमरेपर्यंत पोहोचणाऱ्या दोन लहान दासी, गळ्यात आणि कमरेला दागिने, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या आणि पायांत एकावर एक चढवलेले तोडे. डोक्याच्या माथ्यावर एक भोक आहे, त्यावरून ती एखाद्या आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी, असे अभ्यासकांनी मानले आहे. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि तेच नाव रूढ झाले, पण आता बहुतेक जण तिला यक्षी मानतात. आई काचेपाशी बराच वेळ उभी होती. तिचे सगळे लक्ष तोड्यांवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोर्ता नोलाना स्थानकावर गेलो. सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमवेसुवियाना मार्गावरची गाडी नेपल्सच्या मुख्य स्थानकाखालच्या गारिबाल्दी फलाटांवरही मिळते, पण ती सुटते पोर्ता नोलानाहून. वयस्कर माणूस बरोबर असेल तर एक स्थानक मागे जाऊन तिथेच बसावे, म्हणजे जागा मिळते. प्रवास पाऊण तासाच्या आतला आहे. एका बाजूला इमारतींच्या फटींतून समुद्र दिसत राहतो आणि दुसऱ्या बाजूला वेसुवियस. हा ज्वालामुखी डोंगर उंचीने १,२८० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बुटका. पण तो थेट समुद्रकाठच्या सपाटीवरून उठलेला असल्यामुळे डोळ्यांत भरतो. त्याचा अखेरचा उद्रेक १९४४ साली झाला आणि आज त्याच्या उतारावर घरे आणि मळे आहेत. वाटेत पोर्तिची लागते. नेपल्स ते पोर्तिची या किनाऱ्याच्या पट्ट्यातच १८३९ साली इटलीतली पहिली आगगाडी धावली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या १४ वर्षे आधी. एर्कोलानोला बरेच प्रवासी उतरले, कारण इ. स. ७९ च्या ज्या उद्रेकात पोम्पेई गाडले गेले, त्यातच गाडले गेलेले हर्क्युलेनियम हे शहर तिथे आहे. आम्ही मात्र पुढे ‘पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरलो. स्कावी म्हणजे उत्खनने. आधुनिक पोम्पेई गावाची स्थानके वेगळी आहेत, त्यामुळे पाटीवरचे पूर्ण नाव वाचूनच उतरावे. उत्खननांची प्रवेशतिकिटे आता पाहणाऱ्याच्या नावावर मिळतात, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्यावा.

स्थानकासमोरच ‘पोर्ता मारिना’ हे प्रवेशद्वार आहे. दगडी चढ चढून आत गेले की पहिली जाणीव होते ती रस्त्यांची. काळ्या, मोठाल्या, घट्ट बसवलेल्या दगडांचे रस्ते. हा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या माणसाला तो मुळीच परका वाटत नाही. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड ठेवलेले आहेत, म्हणजे पावसाचे आणि सांडपाणी वाहत असतानाही पाय कोरडे राहत. त्या दगडांमधून गाड्यांची चाके जात आणि चाकोऱ्या इतक्या खोल पडल्या आहेत की मी त्यात बोटे घातली तेव्हा ती मुठीपर्यंत आत गेली. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आयुष्यभर वापरतो, पण दगडातली चाकोरी मी त्या दिवशी पहिल्यांदा हाताने चाचपली.

इ. स. ७९ मध्ये काय घडले याचे वर्णन तो उद्रेक दुरून पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाने तासितस या इतिहासकाराला लिहिलेल्या दोन पत्रांतून आपल्यापर्यंत आले आहे. शहरावर लाव्हा आला नाही, तर आधी आकाशातून कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला आणि त्याच्या वजनाने छपरे कोसळली. त्यानंतर तापलेली राख आणि वायू यांचे लोट डोंगरावरून खाली आले आणि जे लोक मागे उरले होते ते त्यात सापडले. २४ ऑगस्ट ही तारीख आपण वाचत आलो आहोत, परंतु २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडल्यापासून उद्रेक शरद ऋतूतला असावा, या मताला बळ मिळाले आहे. घट्ट झालेल्या राखेत माणसांची शरीरे कुजून पोकळ्या राहिल्या. ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ साली त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे आकार मिळवले. शहराच्या दक्षिणेकडच्या एका बागेत असे १३ जण एकत्र आहेत, मोठी माणसे आणि मुले. तिथे फोटो काढावेत असे आम्हाला वाटले नाही. आईने पायांतल्या चपला काढल्या, हात जोडले आणि आम्ही पुढे निघालो.

पावाच्या भट्ट्या मात्र तिने मनापासून बघितल्या. मोदेस्तुस नावाच्या माणसाची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या भट्टीत १८६२ साली कोळसा झालेल्या ८१ पावांची रास मिळाली होती. भट्टीच्या अंगणात माणसाच्या छातीएवढी उंच दगडी यंत्रे उभी आहेत. खाली शंकूसारखा दगड आणि त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. वरून धान्य घालायचे, वरच्या दगडाला लाकूड अडकवायचे आणि ते गाढवाकडून गोल फिरवायचे.

“अगं, हे तर जातंच की,” आई म्हणाली. “फक्त उभं केलंय. आणि ओव्या म्हणायला बाई नाही, गाढव आहे.”

दगडाचा पृष्ठभाग तिने तळहाताने तपासला आणि टाकी लावल्याच्या खुणा मला दाखवल्या. गावात जात्याला टाकी लावणारे पाथरवट येत, तेव्हा उडणाऱ्या कपच्यांपासून मुलांना दूर बसवत, असे तिने सांगितले.

व्हिया देल्लाबोंदान्झा हा पोम्पेईचा लांबच लांब बाजाररस्ता. रस्त्यावरच्या एका कारंज्यावर कोरलेल्या देवतेच्या चेहऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. सार्वजनिक पाण्याची अशी दगडी कुंडे जागोजागी आहेत. पाणी प्यायला वाकताना लोक एक हात कुंडाच्या कडेवर टेकत आणि वर्षानुवर्षांच्या त्या टेकण्याने दगडाला गुळगुळीत खळगा पडला आहे. माझा तळहात त्यात बरोबर बसला. याच रस्त्यावर पहिल्या विभागाच्या आठव्या चौकात (म्हणजे रस्त्यांमधल्या घरांच्या चौकोनी गटात), आठ क्रमांकाच्या दारापाशी, वेतुतियुस प्लासिदुसची खानावळ आहे. दगडी ओट्यात रांजण पक्के बसवलेले आहेत आणि त्यांतल्या एका रांजणात नाण्यांचा मोठा साठा सापडला. मागच्या भिंतीवर रंगवलेले देवघर आहे आणि त्यात व्यापाराचा देव आणि मद्याचा देव दोन टोकांना आहेत.

आणि त्याच चौकात, पाच क्रमांकाचे दार. १९३८ साली आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात हस्तिदंती मूर्ती मिळाली ती इथे. घराला नावही ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच दिलेले आहे. आम्ही गेलो त्या दिवशी ते बंद होते, म्हणून बाहेरूनच जेवढे दिसले तेवढे बघितले. काही भिंती, थोडे गवत, सावली. घर भव्य नाही. नाण्यांचा रांजण आणि भारतातून आलेली मूर्ती एकमेकांपासून चार पावलांवर होती, ही गोष्ट नकाशावर मला कधीच कळली नसती.

मी रस्त्याच्या कडेला बसून आईला थोरल्या प्लिनीविषयी, म्हणजे धाकट्या प्लिनीच्या मामाविषयी, सांगितले. भारताकडून येणाऱ्या मालापायी रोमन साम्राज्यातून दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, बाहेर जातात, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. हाच प्लिनी उद्रेकाच्या वेळी मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता. लोकांना सोडवण्यासाठी तो जहाजे घेऊन निघाला आणि पोम्पेईपासून जवळच, स्ताबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. ज्या व्यापाराची त्याला खंत होती, त्या व्यापारातली एक वस्तू त्याच राखेने आपल्यासाठी जपून ठेवली. भारतीय कलेच्या अभ्यासकांना याचे फार मोल आहे, कारण प्राचीन हस्तिदंती कामाचा काळ ठरवणे अवघड असते आणि ही मूर्ती इ. स. ७९ च्या आधीची आहे, याबद्दल शंकेला जागाच नाही.

आता भोकरदनचा प्रश्न. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, उत्खनन केले तेव्हा याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आहे. तेर म्हणजे तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे अकीक आणि तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांच्या मुलखातून भडोच, तिथून मोसमी वाऱ्यांवर तांबडा समुद्र, मग नाईल, अलेक्झांड्रिया आणि शेवटी नेपल्सच्या उपसागरातले पुतेओली बंदर, अशी ही वाट असावी. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे आणि ती लिपी वायव्य भारतातली, त्यामुळे काही विद्वान तिचे मूळ तिकडे शोधतात, हेही सांगितले पाहिजे. माझे मन भोकरदनकडे झुकते, आणि ते आईमुळे झुकते, हे मला ठाऊक आहे.

दुपारनंतर आम्ही रंगमंडल ओझरते पाहिले. सुमारे २०,००० माणसे बसतील एवढे ते मोठे आहे, पण तोपर्यंत पाय बोलू लागले होते. पोम्पेईचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून मातीखालीच आहे. त्या न खणलेल्या भागावर झाडे आणि शेते आहेत. त्या उंचवट्याकडे बघत आई थांबली.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. तोर्रे अन्नुन्झियाता येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिने माझ्याकडून फोन मागून घेतला, आदल्या दिवशी काढलेला मूर्तीचा फोटो मोठा करून तोड्यांचे वेढे पुन्हा मोजले आणि म्हणाली, “आमच्या गावाबाहेर पांढर होती. जुन्या वस्तीचं टेकाड. पहिला मोठा पाऊस पडून गेला, की माती धुऊन निघायची आणि त्यात मणी दिसायचे. लाल, पांढरे, बारीक भोकाचे. आम्ही मुली ते वेचून आणायचो आणि भावलीच्या गळ्यात घालायचो.”