पेका : ब्राच बेटावरचं निखाऱ्यांखालचं मटण

क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर कुठल्याही कोनोबात, म्हणजे तिकडच्या घरगुती खानावळीत, शिरलात तरी मेन्यूकार्डावर 'पेका' दिसते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत सूचना असते : आदल्या दिवशी सांगावे. स्प्लिटला हेच, ह्वारला हेच, दुब्रोव्हनिकला हेच. धावत्या दौऱ्यावर आलेला पर्यटक ती ओळ वाचतो, तळलेली म्हाकुलं मागवतो आणि पेका न खाताच परत जातो. मला याची फार हळहळ वाटते. ती सूचना नखऱ्याची नाही. पेकेसाठी आधी लाकडं जाळून निखारे करावे लागतात, त्यालाच तास-दीड तास जातो. मग पुढचे दोन तास परात निखाऱ्यांखाली झाकलेली. गिऱ्हाईक टेबलाशी येऊन बसल्यावर सुरू करायचा हा पदार्थच नव्हे. सुट्टीच्या दिवशी, चार माणसं जमली की घरी करायचा हा पदार्थ आहे, आणि जमलं तर तो कुणाच्या तरी घरीच खावा असं माझं ठाम मत झालंय.

हे मत व्हायला कारण माझी म्युनिकच्या ऑफिसातली मैत्रीण. जर्मनीत क्रोएशियन माणसं पुष्कळ. 1968 साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियाशी कामगार भरतीचा करार झाला, तेव्हापासून त्यांच्या पिढ्या इथे येत राहिल्या. ही त्यातल्या अलीकडच्या पिढीतली, मूळची ब्राच बेटावरची. मी स्वयंपाकात रमते हे तिला ठाऊक. ईस्टर झाल्यावर ती घरी निघाली आणि मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. कोकरांचे दिवस आहेत, बाबा पेका लावतील." एप्रिल हाच त्यासाठी चांगला काळ. उन्हाळा तापला की वणव्यांची भीती सुरू होते आणि रानात, शेतात उघड्यावर जाळ करायला बंदी येते.

स्प्लिटहून ब्राचवरच्या सुपेतारला जाणारी फेरीबोट साधारण पन्नास मिनिटं घेते. बोट सुटली की मागे वळून बघावं. डायोक्लेशियन या रोमन बादशहाचा राजवाडा पाण्यालगत उभा दिसतो, आणि सतराशे वर्षांपूर्वी त्याच्यासाठी लागलेला पांढरा दगड आपण निघालोय त्या बेटावरून आलेला आहे. ब्राच म्हणजे दगडच. पुचिश्चा गावात आजही दगड घडवायला शिकवणारी शाळा चालू आहे. बेटाच्या आतल्या भागात गाडी वळली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडांचे ढिगारे आणि गडगे सुरू होतात, ते संपतच नाहीत. मैत्रीण सांगत होती, एकेक वाफा मोकळा करायला माणसांनी पिढ्यान् पिढ्या हे दगड वेचले आणि तिथे द्राक्षाचे वेल लावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाल्मेशियात फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली. द्राक्षबागा गेल्या आणि बेटावरची घरंच्या घरं चिलीला निघून गेली. मोकळ्या पडलेल्या त्या वाफ्यांवर आता रोजमेरी, सेज आणि काटेरी झुडपं माजली आहेत, आणि त्यांत मेंढ्या चरतात. परातीत पडणाऱ्या मटणाची सुरुवात मला त्या गाडीच्या काचेतून दिसली होती.

पेका हे खरं तर झाकणाचं नाव. घुमटाच्या आकाराचं जाड लोखंडी झाकण, डोक्यावर उचलायची कडी आणि बाहेरून चौफेर एक पट्टी, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नाहीत. ब्राचसारख्या बेटांवर त्याला च्रिप्न्या म्हणतात. पूर्वी ते मातीचं असे. रोमन लोकही मातीच्या अशाच झाकणाखाली भाकरी भाजत, इतकी ही पद्धत जुनी. याच्याखाली कोकरू शिजतं, वासराचं मांस शिजतं, ऑक्टोपस शिजतो, कोंबडी शिजते, पावही भाजला जातो. ऑक्टोपसची पेका पर्यटकांत जास्त गाजलेली आहे. मला विचाराल तर कोकराचीच पहिली.

मैत्रिणीच्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात कोमिन आहे. दगडी भिंतींची चुलीची वेगळी खोली, आत गुडघाभर उंच ओटा, त्यावर जाड फरशी, वर धुराडं. आढी धुराने काळीभोर झालेली. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला बार्बा म्हणतात आणि बाईमाणसाला तेता, म्हणजे आपल्याकडचे काका-मावशीच. मैत्रिणीच्या वडिलांना आणि आईला मीही तसंच म्हणू लागले. दोघांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं क्रोएशियन नमस्कार-धन्यवादापलीकडे जात नाही, पण चुलीपाशी उभं राहिल्यावर बोलणं फारसं अडलं नाही.

बार्बांनी आधी द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या पेटवल्या. त्या भर्रकन पेटतात. मग ऑलिव्हची आणि ओकची फोडलेली लाकडं रचली. पाइन जवळ असूनही त्याला हात लावला नाही, कारण त्याच्या राळेचा वास मांसाला लागतो. जाळावर त्यांनी रिकामी पेका उपडी ठेवून दिली. झाकण आधी कडक तापलेलं हवं, नाहीतर परातीवर थंडगार लोखंड ठेवल्यावर पहिला अर्धा तास ते तापण्यातच जातो. तासाभराने त्यांनी झाकणावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते टिकले नाहीत, नाचत उडून गेले. बार्बांनी मान डोलावली.

तोवर इकडे तेता आणि मी परात भरत होतो. साधारण तीन किलो कोकरू, खांदा आणि मांड्या, सगळं हाडासकट, मोठे मोठे तुकडे. जाडं मीठ तासभर आधी चोळून ठेवलेलं. परातीत चमचाभर डुकराची चरबी, मग दोन किलो बटाटे अर्धे करून, कांदे चार फोडी करून, गाजरं, सालासकट लसणाच्या पाकळ्या. त्यावर मटण, चरबीची बाजू वर, म्हणजे ती वितळून खाली बटाट्यांत झिरपते. रोजमेरीच्या दोन काड्या, एक तमालपत्र, घरच्या ऑलिव्हचं तेल सढळ हाताने. संपलं. आलं-लसणाचं वाटण, हळद, दही, गरम मसाला या वळणावर वाढलेल्या हाताला हे फार थोडं वाटतं. मी मिरीबद्दल विचारलं तर तेतांनी दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी पूड घातली, तीही बहुधा माझ्या समाधानासाठी. पण ज्या कोकराने आयुष्यभर रोजमेरी आणि सेज खाल्लंय, त्याला वेगळा मसाला कशाला लावायचा हे मला जेवताना पटलं.

मग बार्बांनी निखारे ओट्याच्या कडेला ओढले आणि ओल्या केरसुणीने मधली फरशी झाडून काढली. परात थेट त्या फरशीवर. खाली निखारा नाही, तासभर जाळ सोसलेली फरशीच पुरेशी तापलेली असते. परातीवर पेका, पेकेच्या काठाशी सगळीकडून निखारे, मग थोडे डोक्यावर. काठाला जास्त आणि माथ्यावर कमी, हे त्यांनी मला हाताने दाखवलं. माथ्यावर जास्त झाले तर वरचं मटण करपतं आणि बटाटे कच्चे राहतात. शेवटी फावड्याने सगळ्यावर राख पसरली, त्यामुळे निखारा भडकत नाही आणि विझतही नाही. एवढं झाल्यावर बाजूला एक छोटा जाळ वेगळा पेटता ठेवला, पुढे नवे निखारे लागणार म्हणून.

माझी आजी राजापूरकडची. काकडीचं धोंडस करताना ती पातेलं चुलीवर ठेवून वरच्या थाळ्यात निखारे घालायची. मी मैत्रिणीमार्फत तेतांना हे सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, राख घालायची का? घालायची की नाही, मला आठवेना. मी लहान असताना ते फक्त पाहिलं होतं, निखाऱ्यांना हात लावायची परवानगी नव्हती. तेता म्हणाल्या, "बघ, पुढच्या वेळी फोनवर आईला विचार आणि मला कळव." त्यांना ते खरोखर हवं होतं.

पुढचा तासभर काही दिसत नाही, आणि पेकेची खरी कसोटी हीच आहे. ओव्हनला काच असते, पातेल्याचं झाकण शंभर वेळा उचलता येतं. इथे सगळं राखेखाली गेलेलं. बार्बा मधूनमधून ओट्यापाशी जात आणि कान देऊन उभे राहत. मलाही बोलावून ऐकायला लावलं. आधी काहीच नव्हतं. मग लोखंडाच्या आतून बारीक चुरचुर येऊ लागली, पुढे तिचा खळखळाट झाला. चुरचुर म्हणजे चरबी सुटली, खळखळ म्हणजे भाज्यांचं पाणी सुटलं, आणि ती पुन्हा चुरचुरीवर आली की पाणी आटत आलं, उघडायची वेळ झाली. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी जे मटण शिजवायला शिकले ते शिट्ट्या मोजून, त्यामुळे कानाने शिजवणं मला परकं नव्हतं. पण आकड्याशिवाय नुसत्या आवाजावर इतका भरवसा ठेवणारं माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

या वेळात अंगणात प्रशूत म्हणजे वाऱ्यावर वाळवलेली डुकराची मांडी, मेंढीच्या दुधाचं चीज, ऑलिव्ह आणि झाडपाल्याची दारू त्राव्हारित्सा यांचा फेर सुरू होता. शेजारी येऊन बसले, त्यांतल्या एकाच्याच कळपातलं ते कोकरू.

पेका मध्ये एकदाच उघडतात. बार्बांनी आधी राख आणि निखारे कुंच्याने खाली ओढले, कडीत लांब दांड्याचा आकडा घातला आणि झाकण जराही न कलंडवता सरळ वर उचललं. कलंडलं तर वरची राख थेट मटणात. त्यांनी ते परातीपासून बाजूला, निखाऱ्यांवरच अधांतरी धरून ठेवलं, निवू नये म्हणून, आणि मला खुणावलं. मी लांब काट्याने मटणाचे तुकडे उलटले, बटाटे खालून वर केले. आधी वाफेने काही दिसेना, मग सोनेरी कडा दिसल्या. तेतांनी घरच्या पांढऱ्या वाइनचा पेला ओतला, तिकडच्या मापाने दोन डेसी, म्हणजे पावशेराच्या आतबाहेर. झाकण परत गेलं, बाजूच्या जाळातले नवे निखारे त्यावर आले. पुन्हा पाऊण तास.

जेवताना परात तशीच टेबलाच्या मधोमध आली. बरोबर कच्ची कांद्याची पात, हिरवी कोशिंबीर, पाव, आणि पाणी घातलेली लाल वाइन, जिला ते बेव्हांदा म्हणतात. खांद्याचं हाड हाताने ओढलं तर मांस मागे राहिलं. वरची बाजू खरपूस, आत रसरशीत, आणि धुराचा वास अगदी मागून येणारा. पण त्या परातीतलं सगळ्यात भारी काय म्हणाल तर बटाटे. कोकराची चरबी, कांद्याचं पाणी, वाइन, सगळं प्यायलेले. परातीला चिकटलेली बाजू कुरकुरीत, दुसरी लोण्यासारखी. शेवटी सगळे जण पाव मोडून परातीतला रस पुसायला लागले. तिथे तेच रीतीला धरून असतं.

क्रोएशियाला जाणार असाल तर एवढं करा : आदल्या दिवशी फोन करा आणि चूल कुठे आहे ते विचारा. गर्दीच्या मोसमात काही ठिकाणी ओव्हनमध्ये भाजलेलं मटण पेका म्हणून येतं. जिथे खरी चूल असते तिथली माणसं ती अभिमानाने दाखवतात. किनाऱ्यावरच्या झगमगाटातून आत, डोंगराकडच्या गावात जायची तयारी ठेवा.

म्युनिकच्या फ्लॅटमध्ये मी हे ओव्हनमध्ये करते. जड बिडाचं भांडं, घट्ट झाकण, 200 अंशांवर दीड तास, मध्ये एकदा उलटून वाइन, मग झाकण काढून पंचवीस मिनिटं. चव जवळपास जाते, धूर येत नाही. महाराष्ट्रात शेतावर चूल पेटवणार असाल तर मात्र ओव्हनच्या वाटेला जाऊ नका. बिडाची खोल कढई, वर काठ असलेला जाड लोखंडी तवा उपडा न घालता सरळ ठेवा, म्हणजे त्यात निखारे राहतात. लाकूड बाभळीचं उत्तम, आंब्याचंही चालेल. आपल्याकडे मिळणार बोकडाचं मटण, ते कोकरापेक्षा चिवट, त्याला अर्धा-पाऊण तास जास्त द्या. पण मग बटाटे पहिल्यापासून घालू नका, मध्ये झाकण उघडाल तेव्हा घाला, नाहीतर त्यांचा लगदा होतो.